अकरा लाल झेंडे

देवमन डोमाजी इंगळे, राहणार बार्शीटाकळी. ह्या माणसावर कोणी चार ओळी लिहिल्या नाई अन् लिहिणार बी नाई. ज्यानं लिहाले पाहिजे होत्या तो मी, रहमतुल्ला, अन् मले मराठी लिहिता-वाचता येत नाई. पातूरच्या उर्दू शाळेत तीन बुकं शिकलो, तेवढंच. म्हणून तोंडानं सांगतो. कोणाले लिहून घ्याचं असन तर घ्या, पण मधात तोंड घालू नका. मले राग लवकर येते, अन् ह्या गोष्टीत तर जास्तच येते, कारण तो माह्यावरच येते.

सहासष्ट सालची गोष्ट. तवा इकडे पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, आभाळातून इमानानं औषध मारत होते. इमान लहानसं, पिवळं, एक माणूस बसन एवढं. ते कोण्या मुंबईच्या कंपनीचं. रोज सकाळी येरवाळी अकोल्याच्या धावपट्टीवरून उडे अन् बार्शीटाकळीच्या शिवारात येऊन फवारे. आमी झेंडेवाले मात्र शेतकी खात्याचे रोजंदार. वावराच्या दोन टोकाले दोघं उभे राहाचे, हातात लांब बांबू, बांबूले पांढरा झेंडा. कप्तान ते दोन झेंडे एका रेषेत धरे अन् पऱ्हाटीच्या डोक्यावरून, दोन पुरुस उंचीवरून, इमान नेई. डोक्यावरून गेलं की आपण पंधरा पावलं बाजूले सरकाचं, मंग पुढची फेरी. अंग सारं औषधानं ओलं होऊन जाये. घरी गेलो की माही खुर्शीदबी मले अंगणातच आंघोळ घाले.

काखेत आणखी एका आखूड बांबूले झेंडा राहे, लाल. तार म्हणा, झाड म्हणा, पाखरू म्हणा, इमानाच्या वाटेत काई येते असं वाटलं की तो उचलाचा. लाल दिसला की कप्तान फवारा बंद करे अन् इमान सरळ वर काढे. तेवढ्या खालून उडणाऱ्या माणसाले बाजूनं काय उठून राहिलं ते दिसत नाई. ते आमाले दिसे.

कप्तान पारशी होता, सोराब नावाचा. पन्नाशीचा, बुटका, टकला, तोंडात सदा लवंग. पहिल्याच दिवशी त्यानं आमाले दोघायले धावपट्टीवर उभं केलं अन् सांगितलं, "देखो, तुमको शक हुआ तो लाल उठाओ. पक्का करने को बैठना नहीं. झूठा निकला तो हमारा दो मिनट गया. नहीं उठाया तो हम गया." अन् हासला. आमी बी हासलो.

आमच्यावर सुपरवायझर होते जोगळेकर सायेब, पुण्याकडचे. माणूस वाईट नव्हता, पण तक्ता भरल्याबिगर त्यायले घास जात नसे. किती फेऱ्या झाल्या, किती एकर भिजले, लाल झेंडा किती डाव उचलला, कोणी उचलला, अन् तो खरा निघाला का खोटा. 'खोटा इशारा' असा एक रकानाच त्यायनं आखला होता. हंगाम संपला की दोघायतून एकाले पक्कं करू, हे त्यायनं आधीच सांगून टाकलं होतं. जागा एकच.

नोकरी कोणाले नको असते? मले पाहिजेच होती. पण देवमनले पाहिजे होती ते वेगळ्या कारणानं. त्याचा बाप डोमाजीबुवा जन्मभर गावची मेलेली ढोरं ओढत राहिला. कोणाच्या कोठ्यात बैल मेला की हाक ये, डोमाजी, ये रे. हातातली भाकर ठेवून जाचं. बदल्यात दारोदारचे शिळे तुकडे. छप्पन साली देवमन अन् त्याची बायको जाईबाई नागपूरले गेले, दीक्षा घेऊन आले, अन् साऱ्या वस्तीनं ठरवलं की आजपासून मेलेलं ढोर ओढणं बंद. गावानं लय छळलं. मजुरी बंद केली, दुकानातून मीठ देईनात. वस्ती हालली नाई. मरायच्या आधी दोन सालं बुवा कोणाच्या हाकेनं उठला नाई, हे देवमन मले पुन्हा पुन्हा सांगे. मी म्हणो, सांगितलं ना बावा एक डाव. तरी सांगे.

तो चौथी शिकलेला. बोलणं कमी, काम चोख. पंधरा पावलं म्हणजे पंधराच, चौदा नाई अन् सोळा नाई. मी कधी गप्पात असलो की बाराच टाको, मंग तो त्या टोकाहून बांबू हालवून मले सरकवे. पक्की नोकरी भेटली की आपल्याले कोणी 'ये रे' म्हणणार नाई, इंगळे म्हणतीन, असं त्याले वाटे. एवढीच त्याची हाव. मी चेष्टा करो, "इंगळे सायेब, बिडी देता काय?" तर खरंच लाजे अन् बिडी दे.

पोळा झाला अन् ढोरायवर घटसर्प पडला. आमची फवारणी तवा काटेपूर्णेच्या काठच्या एका गावात होती. गावाचं नाव कायले घेऊ? त्यायच्या नातवायची अन् माह्या पोरायची उठबस हाय. रोज एक-दोन ढोरं मरत. पहिले मेलेलं ढोर टेकडीपल्याड जात होतं, डोमाजीबुवासारक्यायच्या हातानं. आता न्याचं कोणी? ज्या बैलाची पोळ्याले आरती केली, शिंगाले बेगड लावली, तोंडात पुरणाची पोळी कोंबली, तोच चार दिवसांनी मेला तर त्याच्याच मालकाले त्याचा इटाळ. मंग सालदाराले लावून, दोर बांधून, कसंबसं वावराच्या कडेच्या नाल्यात ढकलून द्याचं. टेकडी अर्धा कोसावर, पण तेवढंबी कोणाच्यानं होईना. अन् नाला आमच्या फवारणीच्या वावराले लागून.

गिधाडं आली. आधी दहा-पंधरा, मंग पन्नासावर. येरवाळी पंख पसरून नाल्याच्या बाभळीवर बसत, ऊन तापलं की एकेक उठे अन् घिरट्या घेत वर जाये. पोट भरलेलं गिधाड जड असते, ते कुकडे वळन त्याचं त्यालेच मालूम नाई. अन् आमचं इमान त्याच टायमाले, त्याच उंचीवर.

नाल्याकडच्या टोकाले देवमन उभा राहे. गिधाड उठलं की त्याचा लाल वर. इमान वर निघून जाये, फवारा बंद होये, ते पट्टी कोरडी राहे, अन् गिधाड आपलं आरामात तिसरीकडेच जाये. एक झालं, दोन झालं, चार झाले. नऊ वाजता वारा सुटला की फवारणी बंद कराच लागे, म्हणून दोन मिनिटंबी जड वाटत. पंजाबराव म्हणून त्या गावचे मोठे कास्तकार होते, नाल्यात त्यायचेच तीन बैल पडले होते. ते वावराच्या बांधावर, धुऱ्यावर, उभे राहून जोगळेकरायले म्हणत, "सायेब, तुमच्या ह्या झेंडेवाल्याले गिधाडाशिवाय काई दिसतच नाई. अर्धी पऱ्हाटी कोरडी राहिली माही." बाकीचे खीखी हासत. मी बी हासलो असन. आठवत नाई, पण हासलोच असन.

सहाव्या झेंड्यानंतर धावपट्टीवर कप्तानानं देवमनले जवळ बोलावलं. मले वाटलं आता बोलणी खाते.

"कितना दूर था?"

"दोन बांबू असन, सायेब."

"निकल गया?"

"हो. निकल गया."

"अच्छा," कप्तान म्हणाला. "फिर उठाना." अन् लवंग चावत गेला.

पण तक्ता कप्तानाच्या हातात नव्हता. नऊ झेंडे झाले तवा जोगळेकर अन् पंजाबराव दोघं मिळून देवमनकडे आले. मी तिथेच औषधाचे डबे धूत होतो, म्हणून सारं ऐकलं.

जोगळेकर म्हणाले, "हे बघ देवमन, उपाय तुझ्याच हातात आहे. तुमच्या वस्तीतली चार माणसं घे आणि ती जनावरं टेकडीपलीकडे नेऊन टाक. गिधाडं जातील, खोटे इशारे थांबतील, आणि तुझ्या नावाची शिफारस मी आजच लिहितो."

पंजाबराव म्हणाले, "तुह्या बापानं जन्मभर केलं. तुले काय धाड भरली?"

देवमननं हातातला बांबू जमिनीवर टेकवला. म्हणे, "सायेब, मी लाल झेंडा उचलाले आलो. ढोर उचलाले नाई आलो."

"अरे, पण नोकरीचा प्रश्न आहे."

"ढोरायचे मालक हायेत ना. त्यायनं न्यावं. टेकडीची वाट ठाव नसन तर मी दाखवतो."

पंजाबरावचं तोंड लालबुंद झालं. जोगळेकर चष्मा पुसत बसले. त्यायले खरंच कळत नव्हतं की एवढं साधं काम हा माणूस काहून करत नाई. मले कळत होतं, अन् तरी मी संध्याकाळी घरी नेणाऱ्या खात्याच्या लॉरीत त्याले म्हटलं, "एक डाव ओढून टाक ना बावा. कोण पाहून राहिलं? नोकरी पक्की होते."

त्यानं माह्याकडे पाह्यलं. मंग म्हणे, "रहमतभाई, तू ओढशीन काय?"

मी म्हटलं, "माहं काय काम त्यात?"

तो मान वळवून बाहेर पाहू लागला. आज सांगतो, लॉरीचा डायवर माह्या मोहल्ल्यातला होता, लॉरीत दोर होता, मी एकट्यानं ती ढोरं एका दुपारी टेकडीपल्याड टाकली असती. देवमनले हातबी लावा लागला नसता. पण माह्या डोक्यातच आलं नाई. मेलेलं ढोर म्हटलं की कोणी ओढाचं हे साऱ्या मुलखाच्या डोक्यात ठरलेलं होतं, अन् मुलखात मी बी आलो.

दहावा झेंडा झाला, अकरावा झाला. अकराव्याले गिधाड उठलं अन् पुन्हा बाभळीवरच जाऊन बसलं. जोगळेकरायनं तक्ता बंद केला अन् देवमनले म्हणाले, "उद्यापासून येऊ नकोस." त्यानं वाद घातला नाई. दोन्ही झेंड्यायच्या नीट घड्या केल्या, लॉरीत ठेवल्या अन् माह्याकडे आला.

"आता नाल्याकडे तुले उभं करतीन," तो म्हणे. "ध्यानात ठेव. गिधाड उठाच्या आधी मान खाली घालते, दोन उड्या मारते, मंग पंख उघडते. मान खाली गेली की उचल. उडाची वाट पाहू नको."

मी हो म्हटलं. तो पायीच निघाला. पाठीमागून पाह्यलं तर खांदे पडले होते त्याचे. मले वाईट वाटलं. अन् खोटं कायले बोलू, त्या वाईट वाटण्याच्या आत कुठेतरी हलकंबी वाटलं, कारण जागा एक होती अन् आता माणूसबी एकच उरला होता.

माह्या जुन्या टोकाले पंजाबरावचा सालदार उभा केला, नुसता पांढरा झेंडा देऊन. लाल माह्याच काखेत. देवमन अन् जाईबाई नाल्यापल्याडच्या वावरात तण निंदाले जाऊ लागले. मले दुरून दिसत, वाकलेले. मी हात केला की तोबी हात करे.

तीन दिवस आभाळ होतं, ऊन तापलं नाई, म्हणून गिधाडं उठलीच नाईत. चौथ्या दिवशी साडेआठ वाजले असतीन. इमान सालदाराच्या डोक्यावरून निघून सरळ माह्याकडे येऊन राहिलं होतं. माह्या डाव्या हाताले नाल्याच्या काठावर एक मोठं गिधाड बसलं होतं. त्यानं मान खाली घातली.

माहा हात काखेतल्या बांबूवर गेला. अन् थांबला. काहून थांबला ते सांगतो, लपवत नाई. तक्त्यात देवमनच्या नावासमोर अकरा होते अन् माह्या नावासमोर पूज्य. आता नोकरी भेटाले मले काईच कराचं नव्हतं, नुसतं उभं राहाचं होतं. मनात म्हटलं, अकरा गिधाडं दुसरीकडे गेली, हे बी जाईन. त्यानं दोन उड्या मारल्या. मी मोजल्या. बांबू काखेतच राहिला.

ते दुसरीकडे गेलं नाई. इमानाच्या समोरच्या काचेवर आदळलं. इमान एका अंगावर कललं, पंख पऱ्हाटीत रुतला, अन् माह्यापासून चाळीस-पन्नास पावलावर ते उलटं होऊन पडलं. फवाऱ्याची टाकी फुटली. मी दोन्ही झेंडे धरून उभाच होतो. 

नाल्यापल्याडून देवमन धावत आला. पुलावरून नाई आला, पूल दूर होता. तो सरळ नाल्यात उतरला, त्या सडलेल्या ढोरायतून, मांडीभर चिखलातून, अन् इकडच्या काठानं वर चढला. माह्या बाजूनं गेला पण माह्याकडे पाह्यलं नाई. गावचे लोक धुऱ्यावर जमले होते, औषधाच्या वासानं नाकाले धोतर लावून. पुढे कोणी येईना. देवमननं कप्तानाचा पट्टा विळ्यानं कापला, त्याले बाहेर ओढलं, पाठीवर घेतलं अन् लॉरीपर्यंत नेलं. तवा कुठे मी झेंडे टाकले अन् मांगं धावलो.

लॉरीत कप्तानाचं डोकं देवमनच्या मांडीवर होतं. मी पायाशी बसलो होतो. कप्तानाचे डोळे उघडे होते, तो देवमनकडे पाहून काई तरी म्हणून राहिला होता, पण आवाज निघत नव्हता. देवमन त्याले एकच म्हणे, "हो सायेब. हो सायेब." अकोल्याचा दवाखाना दोन मैल राहिला असन तवा तो गेला. देवमननं त्याचे डोळे मिटले. मले रडू फुटलं. देवमन रडला नाई, त्यानं आपला दुपट्टा कप्तानाच्या तोंडावर टाकला.

चौकशी झाली. मुंबईहून दोन सायेब आले. मले विचारलं, "गिधाड दिसलं होतं का?" मी म्हटलं, "सायेब, एकदम आलं. झेंडा उचलाले टाइमच भेटला नाई." त्यायनं लिहून घेतलं, मी अंगठ्याच्या जागी उर्दूत सही केली. जोगळेकरायनं तक्ता दाखवला. ह्या माणसाचा सगळ्या हंगामात एक इशारा खोटा नाही, म्हणाले. देवमन बाहेर लिंबाखाली बसला होता, बोलावलं तर सांगू म्हणून मजुरी पाडून आलेला. त्याले कोणी आत बोलावलं नाई. तो आता खात्याचा माणूस नव्हता.

दिवाळीच्या आधी पातूरले माह्या नावाचा सरकारी लिफाफा आला. पोस्टमन म्हणाला, नोकरीचा हाय, मिठाई द्या. खुर्शीदबीनं शिरखुर्मा केला. मी वाटी तशीच सरकवली. दुसऱ्या दिवशी मी लिफाफा घेऊन बार्शीटाकळीले देवमनच्या घरी गेलो. सारं सांगून टाकाचं असं ठरवून गेलो होतो, पण दारात पोचलो अन् तोंडून निघालं भलतंच. "देवमनभाऊ, मले मराठी वाचता येत नाई, एवढं वाचून दे."

जाईबाईनं पाणी आणून दिलं अन् आत गेली. देवमन उंबऱ्यात बसला, कागद गुडघ्यावर पसरला अन् बोट ठेवून वाचू लागला. रहमतुल्ला वल्द अमुक, राहणार पातूर. मंग थोडा थांबला, अन् पुढचं जरा हळू वाचलं.

"सदर इसमाने संपूर्ण हंगामात एकही खोटा इशारा दिला नाही, ही बाब लक्षात घेऊन त्यास सेवेत कायम करण्यात येत आहे."

मी खाली पाहत होतो. म्हटलं, "भाऊ, गिधाड एकदम नव्हतं आलं. मले दिसलं होतं. मान खाली घातली होती त्यानं."

"मले ठाव हाय," तो म्हणे. "मी पल्याडून पाहत होतो. तुहा हात बांबूवर गेला होता."

"मंग कोणाले काहून नाई सांगितलं?"

"मले कोणी विचारलं?"

 तो रागावला असता, दोन थपडा मारल्या असत्या, तर बरं झालं असतं. मी म्हटलं, "मले भेव वाटलं, देवमनभाऊ. झेंडा खोटा निघाला तर नोकरी जाईन, असं भेव वाटलं."

"मले बी तेच भेव वाटे," तो म्हणे. "अकराही डाव वाटलं. कप्तानाचं जास्त वाटे, म्हणून उचलत गेलो."

त्यानं कागदाची नीट घडी केली, लिफाफ्यात घातली अन् लिफाफा माह्या खिशात ठेवला. त्या नोकरीत मी बावीस वर्सं काढली. देवमनले खात्यानं पुन्हा बोलावलं नाई.